दोऱ्यांच्या बाहेरचा वार

१

संभाव्यतेचा धडा आला की गणिताच्या बाई अख्खा वर्ग घेऊन खाली सभागृहात उतरायच्या. हातात कपडे वाळत घालायच्या दोन जुन्या दोऱ्या. फरशीवर त्यांची दोन वर्तुळं मांडायची, एकमेकांवर थोडी चढलेली, आणि फर्मान सोडायचं, "ज्यांना पोहता येतं ते या दोरीत. ज्यांना सायकल येते ते त्या दोरीत. दोन्ही येत असेल तर मध्ये." मग जो गोंधळ उडायचा त्याला बाई शिकवणं म्हणत. मुख्याध्यापक त्याला वेगळं काहीतरी म्हणत, पण बाईंच्या निकालापुढे त्यांचं काही चालत नसे.

"आता पोहणारे मोजा. सायकलवाले मोजा. करा बेरीज."

बेरीज वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त यायची. दर वर्षी यायची आणि दर वर्षी मुलं चक्रावायची.

"पोरं वाढली कुठून रे?" बाई कमरेवर हात ठेवून विचारायच्या.

"मधली दोनदा मोजली गेली, बाई."

"मग?"

"एकदा वजा करायची."

"हं. एकदाच. नाहीतर बिचारी गायबच व्हायची." यावर वर्ग हसायचा.

त्या वर्षी एक मुलगी भिंतीला टेकून उभीच राहिली होती. तिला ना पोहता येत होतं, ना सायकल. "बाई, मी कुठे?" तिने विचारलं.

"तू दोऱ्यांच्या बाहेर. पण खोलीच्या आत. खोली विसरायची नाही, बरं का. दोन्ही वर्तुळं मिळून जे होतं ते एकातून वजा केलं की उरतं ते तुझं."

मुलीला त्यात विशेष आनंद झाल्याचं दिसलं नाही. भिंतीशी ती एकटीच होती. बाईंनी दोऱ्या गुंडाळल्या आणि घड्याळ पाहिलं. त्यांना आईकडे जायचं होतं.

२

आई जिन्यात पडली आणि तिचा उजवा खांदा कामातून गेला. हात छातीच्या वर जाईना. बाकी तब्येत ठणठणीत, जीभ तर आणखीच धारदार. पण आपलं घर सोडायला ती तयार नव्हती. बाईंकडे दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसकट पाच माणसं. धाकट्या भावाकडे घर मोठं, पण तिथे आईचं आणि सुनेचं जमायचं नाही, आणि ते कुणी उघड बोलायचंही नाही. शेजारीण दुपारचं जेवण दाराशी ठेवून जायची. उरलेलं भावंडांनी बघायचं.

भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. कुठल्या इमारतीत कधी लिफ्ट अडकेल याचा नेम नाही. बाईंचेही जादा तास, परीक्षा, पर्यवेक्षण. ठरावीक वार दोघांनाही जमेना. शेवटी भावाने फोनवरच निकाल लावला.

"ताई, निम्मे दिवस मी जातो, निम्मे दिवस तू जा. झाला की आठवडा."

बाईंच्या एका हातात चहाचं भांडं होतं, दुसऱ्या हातात फोन, आणि सासरे चष्मा सापडत नाही म्हणून आतून हाका मारत होते. "झाला," बाई म्हणाल्या.

अर्धा अधिक अर्धा, एक. वर्गात कुणी असं गणित मांडलं असतं तर बाईंनी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं.

त्यांना ते लगेच कळलं नाही, कारण सुरुवातीचे दिवस गोड होते. कधीकधी दोघं एकाच दिवशी येऊन थडकायचे. दार उघडावं तर समोर भाऊ, तेलकट हातांनी चहा करतोय. मग तिघांच्या गप्पा, लहानपणीची भांडणं, आईने दोघांनाही दिलेले टोमणे. असा दिवस आला की बाई घरी जाताना वाटभर गालात हसत असत.

निघताना आई मात्र प्रत्येक वेळी म्हणायची, "अजून थोडा वेळ थांब ना."

बाई प्रत्येक वेळी घड्याळ बघायच्या.

पर्यवेक्षणाच्या एका कंटाळवाण्या दुपारी, मुलं माना खाली घालून लिहीत असताना, त्यांच्या डोक्यात ते गणित आपसूक उलगडलं. त्यांच्या तासांना भावाच्या लिफ्टशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणजे दोघंही पोचण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, पाव. दोघांपैकी कुणीतरी पोचण्याची पाऊण. आणि उरलेला पाव?

दर चार दिवसांमागे एक दिवस आईकडे कुणीच येत नव्हतं. ज्या दिवशी दोघं चहा घेत हसले, तसा प्रत्येक दिवस त्यांनी आईच्याच एखाद्या रिकाम्या दिवसातून उचलला होता. भिंतीशी उभी असलेली ती मुलगी त्यांना आठवली.

३

त्याच संध्याकाळी त्या आईकडे गेल्या. मनात ठरवलं होतं, आज तिला सरळ विचारायचं, आणि माफी मागायची.

आई नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. खुर्चीची पाठ लोखंडी कपाटाला टेकलेली. ती मागे कलंडू नये म्हणून बाईंनीच ती तशी ठेवली होती. आईचे केस विंचरायचे असले की त्या खुर्ची पुढे ओढायच्या, मागे जागा करायच्या, कसाबसा तीन पेडी शेपटा घालायच्या आणि खुर्ची परत ढकलायच्या. ओढताना तिचे पाय फरशीवर असे किंचाळायचे की आई डोळे मिटून घ्यायची.

"आई, कधीकधी आमच्यापैकी कुणीच येत नाही ना गं?"

"असं कसं? रोज येतं की कुणीतरी."

"काल कोण आलं होतं?"

"आलं होतं ना," आई म्हणाली आणि समाधानाने मान वळवली.

तेव्हा बाईंना वेणी दिसली. बारीक बारीक किती पेड होते ते नजरेने मोजता येईना. एकही केस सुटलेला नाही, एकही पेड सैल नाही. तासभर तरी कुणीतरी त्या पांढऱ्या केसांपाशी बसलेलं असणार. बाई कालच काय, परवाही आल्या नव्हत्या. आणि आईचा हात खांद्यापर्यंत जात नव्हता.

४

बाईंचं डोकं हिशेबी होतं, ते लगेच कामाला लागलं. पहिला संशय शेजारणीवर. तिने दारातच आपली वाकडी बोटं पुढे धरली. "माझीच वेणी घालून मिळत नाही मला. उलट मी तर तुमच्या आईला म्हणते, नशीबवान आहात, मुलं किती करतात तुमचं."

मग भाऊ. लिफ्टचा दोर म्हणजे तरी काय, बारीक तारांची वेणीच. जन्मभर तेच हाताळणाऱ्या माणसाला केसांचं काय कठीण? म्हणजे रिकामा दिवस काल नव्हताच, काल भाऊ येऊन गेला होता. जीव भांड्यात पडला. तरी खातरजमा म्हणून त्यांनी फोन केला.

"आईची वेणी काय सुरेख होती रे."

मागे कुठेतरी हातोडीचे ठोके पडत होते. "हो," भाऊ म्हणाला. "सुरेख असते."

"तू काल..." बाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. 'तू काल गेला होतास का' असं विचारलं तर 'मी नव्हते गेले' हे आधी सांगावं लागलं असतं. परवाही नव्हते, हेही. दोघांनी एकमेकांच्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

पुढे बाईंना या एका फोनचा जितका पश्चात्ताप झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तेव्हा एक वाक्य जास्त बोलल्या असत्या तर. पण तेव्हा उलटंच घडलं. भाऊ रोज जातोय, अगदी मन लावून जातोय, या विचाराने त्या सैलावल्या. पेपर तपासायचे राहिले, जाऊ दे, भाऊ आहे. पाय दुखतात, जाऊ दे, भाऊ आहे. दोरीचं वर्तुळ आक्रसत गेलं आणि बाईंनी त्याकडे कानाडोळा केला.

वेणी मात्र प्रत्येक वेळी घातलेली असायची. आईच्या गालांवर थोडा रंग आला होता. आणि 'अजून थोडा वेळ थांब ना' म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. हे बाईंच्या लक्षात आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं.

५

एका दुपारी शाळा लवकर सुटली. आईकडे जायचा त्यांचा विचार नव्हता, दुसऱ्याच कामाला निघाल्या होत्या. पण वाट त्याच गल्लीतून जात होती, म्हणून समोरच्या फुटपाथवरून त्यांनी सहज वर पाहिलं.

आई पहिल्या मजल्यावर राहायची. खिडकी उघडी होती, पडदा बाजूला. आईचं डोकं दिसत होतं, किंचित मागे झुकलेलं. तिच्या मागे भाऊ उभा होता. त्याचा तो निळा कामाचा शर्ट, ती थोडी पोक काढून उभं राहायची सवय. चेहरा खाली वाकलेला होता, हात आईच्या केसांत. हात सावकाश चालले होते. आई काहीतरी बोलत होती आणि हसत होती. गेल्या कित्येक वर्षांत बाईंनी तिला असं मान मागे टाकून हसताना पाहिलं नव्हतं.

आपल्याला हे का जमलं नाही, असं वाटलं. दोन मिनिटं वर जाऊन यावं की काय. आणि त्याच वेळी, त्यांच्या नकळत, ते हिशेबी डोकं काहीतरी खटकलं म्हणून तिथेच घुटमळत राहिलं. चित्रात काहीतरी बसत नव्हतं.

पिशवीतला फोन वाजला.

"ताई," भावाचा आवाज घुमत होता, विहिरीतून यावा तसा, आणि मागे हातोडीचे ठोके पडत होते. "अगं, मी लिफ्टच्या खड्ड्यात अडकलोय. आज रात्रीपर्यंत काही सुटका नाही. तू जाशील ना आईकडे?"

बाईंनी वर पाहिलं. निळ्या शर्टातले हात एक पेड दुसऱ्यावर टाकत होते.

"तू कुठे आहेस म्हणालास?"

"कामावर. बाजारापलीकडे. का गं? तुला जमणार नाही का? गेल्या आठवड्यात मात्र तू..." तो अडखळला. "तुला सांगायचं राहिलं. मी आलो होतो, तू खिडकीत दिसलीस. आईची वेणी घालत होतीस. इतकं बरं वाटलं, ताई. म्हटलं आपण कशाला मध्ये जायचं. खालूनच परत गेलो. त्याआधीही एकदा."

"मी नव्हते," बाई म्हणाल्या.

पलीकडचे हातोडीचे ठोके थांबले.

आणि मग बाईंना ते खटकलेलं उमगलं. खुर्चीची पाठ कपाटाला टेकलेली होती. तिच्यामागे माणूस सोडा, उभा हात मावेल इतकीही जागा नव्हती.

६

जिना नेहमीचा होता. कठडा गुळगुळीत, मधला दिवा बंद, कुणाच्या तरी घरात रेडिओ लागलेला. बाई चढत होत्या आणि मनाला समजावत होत्या. काचेवर ऊन पडलं असेल. भावाचा शर्ट खुंटीवर राहिला असेल. वारा असेल. वारा वेणी घालत नाही, हे सांगायला मन तयार होतं, पण त्याला बोलू द्यायचं नव्हतं.

दाराशी आल्यावर कंगव्याचा आवाज ऐकू आला. लांब, सरळ, न अडखळता वरून खाली येणारा. मध्येच आईचं हसू. मग कुजबुजल्यासारखं काहीतरी, दोन माणसांचं. दुसरा आवाज ओळखीचा होता. कुणाचा ते कळायच्या आत बाईंची किल्ली कुलपात फिरली होती, आणि आवाज थांबला.

आत आई एकटी होती. खुर्ची कपाटाला टेकलेली. कंगवा तिच्या मांडीवर. अर्धी वेणी घातलेली आणि खालचे पेड मोकळे, हळूहळू उलगडत होते, जसे आत्ताच हातातून सुटलेले.

आईने दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ते मावळताना बाईंनी नीट पाहिलं.

"तू होय," आई म्हणाली. "आज कशाला आलीस?"

"आई, कोण होतं इथे?"

"कोण म्हणजे? तूच." आई थोडी गोंधळली. "म्हणजे, तू नसतेस तेव्हाची. कधी तुझा भाऊ असतो, तो नसतो तेव्हाचा. ती घड्याळ नाही बघत गं."

बाईंनी कंगवा उचलला. तो कोमट होता. त्यांनी खुर्ची ओढली, पाय किंचाळले, आईने डोळे मिटले. उरलेली वेणी पुरी करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण इतके पेड बोटांत मावेनात. शेवटी सगळं सोडून त्यांनी नेहमीचा शेपटा घातला. त्यांना रडू येत होतं. आई मुकाट बसून होती, दुकानात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

७

भावंडांनी मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. वार वाटून घेतले. भावाने कामावर भांडण करून ठरावीक सुट्ट्या घेतल्या, बाईंनी जादा तास सोडले. एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा. मध्ये कुणी नाही, बाहेर कुणी नाही. बेरीज बरोबर एक.

चहावर हसणारे ते दिवस संपले, कारण आता दोघं तिथे भेटतच नव्हते. ती किंमत द्यायला बाई तयार होत्या.

पण आई मिटत गेली. आधी जेवण कमी झालं. मग बोलणं. बाई घड्याळ काढून पर्समध्ये ठेवायच्या, तासन्‌तास बसायच्या, गोष्टी सांगायच्या, पाय चेपायच्या. आई सगळं करून घ्यायची आणि थोड्या वेळाने अगदी नम्रपणे विचारायची, "निघायचं नाही का तुला?" जन्मभर कुणाशी नम्रपणे न वागलेली आई. एकदा त्या आत शिरल्या तर आईने त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं आणि विचारलं, "तू कुठल्या वाराची गं?"

बाईंनी वार सांगितला. आईने मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली.

शेवटी तिनेच मागितलं. भाऊही त्या दिवशी औषधं द्यायला वर आला होता. आईने दोघांचे हात डाव्या हातात गोळा केले. तो हात कागदासारखा हलका झाला होता.

"एक वार सोडा," ती म्हणाली. "दोघंही येऊ नका. एवढंच करा माझ्यासाठी."

"आई, ते काय आहे आम्हाला माहीत नाही," भाऊ म्हणाला. "तुला काही झालं तर?"

"आजवर काय झालं?" आई म्हणाली. "माझी वेणी झाली."

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. की आम्ही आता येतोय ना, की चूक झाली, एका चहाच्या भांड्यापायी झाली, पण आता गणित बरोबर आहे. त्यातलं काही ओठांवर आलं नाही. आई त्यांच्याकडे बघत होती ती बरोबर गणितासाठी नव्हे. त्यांनी मान डोलावली.

८

सोडलेल्या वारी बाईंनी वर्गाला नेहमीसारखं शिकवलं. शाळा सुटल्यावर घरी जायचं ठरलं होतं. पाय मात्र त्यांना त्या गल्लीत घेऊन आले. आपण आत थोडंच जाणार आहोत, असं त्या स्वतःला सांगत होत्या.

समोरच्या फुटपाथवर, दुकानाच्या छपराखाली, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून भाऊ उभा होता. त्याने बहिणीला पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. बाई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी दोघं एका जागी आले होते.

हा दिवस कुठे मांडायचा ते बाईंना कळेना. दोघंही आले होते. आणि आईकडे कुणीच आलं नव्हतं.

खिडकी उघडी होती. आई मान मागे टाकून बसली होती. गालांवर पुन्हा रंग दिसत होता, इथूनही दिसत होता. तिच्या मागे, जिथे जागा नव्हती तिथे, कुणीतरी वाकलं होतं.

"तुला कोण दिसतंय?" भावाने विचारलं.

"तू. तुला?"

"तू."

रस्त्यावरून माणसं जात होती, कुणीही वर बघत नव्हतं.

मग आईने खाली पाहिलं. तिची नजर फुटपाथवरून फिरली आणि त्या दोघांवर थांबली. आईने डावा हात उचलून हलवला, शेजारपाजारचं कुणी दिसलं की हलवतो तसा. त्या दोघांनीही हात हलवले. आई मागे वळून काहीतरी म्हणाली, खाली कोण आहे ते दाखवावं तसं. मागचं डोकं हळूहळू वर उठू लागलं. खिडकीच्या उजेडात कपाळ आलं, आणि बाईंनी मान खाली घातली. भावानेही घातली असावी, कारण त्याचा हात त्यांच्या हातात आला, लहानपणी यायचा तसा.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा पडदा ओढलेला होता. आत दिवा लागला होता आणि हसण्याचा आवाज येत होता.

"चल, ताई," भाऊ म्हणाला. "निघू या."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ पर्समध्येच राहिलं होतं.

"अजून थोडा वेळ थांब ना," बाई म्हणाल्या.